पावणेचार वर्षांची लेक, आवाज आणि स्पर्श सहन होत नाही: नेमकं निदान कुठे आणि कोणाकडून करून घ्यावं? वर्धा जिल्हा

दळणवाला_वर्धा

नमस्कार मंडळी. मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. पिठाची चक्की आहे, सोबत मिरची-हळद कांडायची मशीन, आणि थोडी शेती, सोयाबीन, तूर, कपाशी. घर चक्कीला लागूनच, मधात एकच भिंत. लेक पावणेचार वर्षांची आहे, तिच्याबद्दल विचारायचं आहे. लिहिणं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं सांगतो.

चक्कीचा आवाज तिला सहन होत नाही. त्यातही एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. बटण दाबल्यापासून पट्टा पुरा वेग धरेपर्यंत जो घरघराट चढत जातो, त्याचाच तिला सगळ्यात जास्त त्रास आहे. एकदा चक्की एका सुरात चालायला लागली की ती कशीबशी निभावते, पण तो चढणारा आवाज आला की दोन्ही कान दाबून, डोळे घट्ट मिटून, असेल तिथे खाली बसते. कधी कधी उलटी होते. आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही. लाइन गेली-आली की मोटर पुन्हा सुरू करावी लागते, म्हणजे तिला दिवसभरात हे पुन्हा पुन्हा सोसावं लागते. कुकरची शिटी, मिक्सर, सोयाबीन काढायचा हडंबा, लग्नातला डीजे, सगळ्याचं तसंच. उन्हाळ्यात कूलर लावला की अंगणात पळते. मे महिन्यात कूलरशिवाय इकडे दुपार निघत नाही, तर तिची आई तिला घेऊन कडुनिंबाखाली बसून राहते.

अंगाला कापड टोचते म्हणते. फ्रॉकच्या आतली कंपनीची पट्टी कापावी लागते, लेस असलेला कपडा घालतच नाही. वेणी घालताना गल्ली गोळा होते इतकी रडते. खाण्यात कोरडी पोळी, मुरमुरे, फुटाणे, मोकळा भात. भाताला वरण लागलं की ओकारी. भिंतीचे पोपडे काढून खाते, फ्रॉकचा गळा चावून चावून त्याला भोकं पडली आहेत.

आणि याच्या अगदी उलटही आहे, त्यानेच आम्ही चक्रावलो. दळणाला आलेल्या पोत्यांच्या मधल्या फटीत घुसून बसते. दोन्ही बाजूंनी पोती अंगाला लागली की एकदम शांत होते. रात्री आईला म्हणते, ‘दाब मला, जोरात दाब.’ तळपायात बाभळीचा काटा मोडला होता, तो संध्याकाळी पाय धुताना मला दिसला, दिवसभर ती त्यावरच चालत होती. म्हणजे केसाला हात लावला तर दुखते आणि काटा मोडला तर कळत नाही, हे कसं?

बोलते. वाक्य बोलते. पण घरात येणाऱ्या प्रत्येकाला, मामा असो की एसटीचा कंडक्टर, ‘दळण आणलं का?’ असंच विचारते, आणि उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारते. आमच्या डोळ्यात पाहून बोलते, नवीन माणसाच्या नाही.

दाखवलं बऱ्याच ठिकाणी. एका डॉक्टरांनी सांगितलं, लाड कमी करा, सगळं खाईल. दुसरीकडे मोठ्या शहरात गेलो, तिथे ती टेबलाखाली जाऊन बसली, डॉक्टरांनी वरूनच पाहिलं आणि पाच-दहा मिनिटांत ‘ऑटिझम’ लिहून दिला, सोबत थेरपीचं वर्षभराचं पॅकेज. कॉन्व्हेंटमध्ये नर्सरीत घातली होती, त्यांनी पावसाळ्यातच परत पाठवली, आमच्याकडून सांभाळली जात नाही म्हणाले. घरात आई मीठ-मोहऱ्या उतरवते. तिचा जीव आहे नातीवर, मी अडवत नाही. चुलतभावाने मोबाइलवर वाचून सांगितलं की हे ‘सेन्सरी प्रोसेसिंग’चं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे काय असेल त्याचं नाव मला नीट तपासून पाहिजे. पाच मिनिटांत चिकटवलेलं नको, आणि ‘काही नाही, मोठी झाली की जाईल’ हेही नको. नाव नाही तोवर गावात ती हट्टी आहे, आणि तिची आई पोरीला वळण न लावणारी आहे. हे मला आता ऐकवत नाही.

तर विचारायचं ते असं. हा स्वतंत्र आजार आहे का? निदान कोण करते? आमच्या भागात कुठे जावं? आणि झालेली तपासणी नीट झाली की नाही, हे माझ्यासारख्याने ओळखावं कसं?

---

ओटी_नागपूर

दादा, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे खाणं, कपडे घालणं, खेळणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देणारी, लहान मुलांचंच काम करते. चढणाऱ्या आवाजाचं तुम्ही जे लिहिलंत ते कुठल्याही छापील प्रश्नावलीतून कळलं नसतं. डॉक्टरांनाही अगदी तसंच सांगा.

आधी नावाबद्दल. आपल्याला कान, डोळे, त्वचा, नाक, जीभ ठाऊक असतात. त्याशिवाय आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, आणि हात-पाय कुठे आहेत, किती जोर लागतोय याची खबर सांधे आणि स्नायू मेंदूला देत असतात. हे सगळं एकत्र लावताना काही मुलांची गडबड होते, ही मांडणी ए. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने 1960-70 च्या दशकांत केली. त्यावरून पुढे ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे नाव रूढ झालं. एकाच मुलाला काही गोष्टी फार जाणवतात आणि काही जाणवतच नाहीत, हे आम्ही नेहमी पाहतो. सांध्यांवर दाब मिळाला की पुष्कळ मुलं शांत होतात, तुमची लेक पोत्यांच्या फटीत तेच शोधते आहे. तिला काय लागतं ते तिचं तिला कळलेलं आहे.

पण वर्णन म्हणून हे कितीही उपयोगी असलं, तरी निदान म्हणून ते पुरत नाही. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-5 या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तिकेत, जी 2013 साली आली, हा स्वतंत्र आजार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्येच आपल्या डॉक्टरांना सांगितलं होतं की हे निदान म्हणून लिहू नका. कारण असं की हीच लक्षणं ऑटिझममध्ये दिसतात, अतिचंचलतेत म्हणजे एडीएचडीत दिसतात, चिंतेत दिसतात, विकास मागे असेल तर दिसतात, आणि ज्यांना दुसरं काहीच नाही अशा मुलांतही दिसतात. ‘सेन्सरी आहे’ म्हणून फाइल बंद केली तर खालचं कारण तसंच राहून जातं.

आता दुसरी बाजू. आवाज सहन होत नाही एवढ्यावरून ऑटिझमही ठरत नाही. डीएसएम-5 प्रमाणे ऑटिझम म्हणायला दोन्ही गोष्टी लागतात. एक, माणसांशी देवाणघेवाण करण्यात अडचण. त्यात तीन मुद्दे आहेत आणि तिन्ही दिसावे लागतात: समोरच्याशी भावना-बोलण्याची ये-जा, नजर-हातवारे, आणि नाती जुळवणं व खेळणं. दोन, तोचतोपणा. त्यात चार मुद्दे आहेत, त्यातले किमान दोन हवेत, आणि संवेदनांचा त्रास हा त्या चारांतला फक्त एक. टेबलाखाली बसलेल्या मुलीकडे वरून पाहून हे सगळं कळत नाही. मी असं म्हणत नाही की ऑटिझम नाहीच. तेच वाक्य पुन्हा पुन्हा विचारणं हे नीट पाहायलाच हवं. तपासणी झालेली नाही, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून मला हे सांगा. ती एखादी गोष्ट तुम्हाला दाखवायला बोट करते का, हवी म्हणून नव्हे, ‘बाबा, ते बघा’ म्हणून? नाव घेऊन हाक मारली तर वळते का? खोटं खोटं खेळते का? दुसरं मूल रडलं तर तिला काही वाटतं का? आधी येत असलेलं काही बोलणं किंवा कौशल्य मधेच गेलं का?

तपासणीची सुरुवात कानापासून करा. आवाजाला घाबरते म्हणजे कान चांगलेच असणार, असं धरू नका. ऐकू कमी येणाऱ्या मुलांनाही मोठ्या आवाजाचा त्रास होऊ शकतो, आणि कानात पाणी साठलं असेल तरी मूल असं वागू शकतं. मग डोळे. मग रक्त: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती ते. भिंतीचे पोपडे खाणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, आणि लोह कमी असलेलं मूल चिडकं होतं, नीट झोपत नाही. भिंतीला जुना ऑइल पेंट असेल तर शिसं पोटात जाण्याचा धोकाही आहे, हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

निदान करायचं ते विकासात्मक बालरोगतज्ज्ञाने, किंवा बालरोगतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने मिळून. आम्ही थेरपिस्ट संवेदनांचं मूल्यमापन करतो, निदान आमचं काम नाही. नीट तपासणीत तुमच्याकडून जन्मापासूनची हकिकत विचारली जाते, गरोदरपण, वजन, कधी बसली, कधी चालली, पहिला शब्द. तिला खाली बसवून खेळवलं जातं. ऑटिझमचा संशय असेल तर आपल्याकडे ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी आहे, 40 मुद्दे, 70 च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत. शेवटी लेखी अहवाल मिळतो, त्यावर कोणत्या चाचण्या केल्या आणि काय गुण आले ते असतं. सायकॉलॉजिस्टची आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तो नंबर अहवालावर पाहा. अहवाल न देता पॅकेज देणाऱ्यांकडे पुन्हा जायची गरज नाही.

घरी काय करायचं ते निदानाची वाट न पाहता सुरू करता येईल. तिची खाट चक्कीच्या भिंतीपासून हलवा. मोटर सुरू करण्याआधी तिला सांगा, प्रत्येक वेळी, त्याच शब्दांत. कारखान्यात वापरतात ते कानावरचे मफ लहान मुलांच्या मापाचेही मिळतात. ते फक्त आवाजापुरते द्या, दिवसभर नको, नाहीतर कान आणखी हळवे होतात. दाब हवा असेल तर आईने घट्ट मिठी मारावी, गोधडीत गुंडाळावं, तोंड मोकळं ठेवून आणि ती म्हणेल तेव्हा सोडून. लहान पिशवीत किलोभर दाणे भरून तिला इकडून तिकडे न्यायला लावा, ती आवडीने करेल. पण पोत्यांच्या फटीत एकटी सोडू नका. थप्पी सरकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आणि काटा मोडल्याचं जिला कळत नाही, तिला चक्कीच्या पट्ट्याजवळ एक क्षणही नको.

---

अंगणवाडी_ताई

भाऊ, वर मॅडमनं सारं बरोबर सांगतलं. मी आपली अंगणवाडीतली गोष्ट सांगतो.

तुमची पोरगी अंगणवाडीत नोंदवली हाय का? कॉन्व्हेंटात गेली म्हणून नाव काढलं असन तर पहिले नाव टाका. आमच्याकडे वर्षातून दोनदा डॉक्टरायची गाडी येते, आरबीएसकेची, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणते त्याले. 2013 पासून चालू हाय. दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक सिस्टर. थे शून्य ते अठरा वर्षांच्या लेकरायले पाहाते. लोकायले वाटते वजन-उंची घेतली का झालं, पण थ्यायच्या कागदावर विकासात मागं असलेल्या लेकरांचाबी रकाना हाय. तुम्ही तोंडानं सांगान तवाच थो भरला जाते, कारण तुमची पोरगी त्या गर्दीत एकतर रडन नाईतर दडून बसन. गाडी येऊन गेली असन तरी थांबू नका, ग्रामीण रुग्णालयात थ्यायचं पथक बसते, तिथं जाऊन भेटा.

थे चिठ्ठी देते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची. थे केंद्र याच कामासाठी हाय, लेकराचे डॉक्टर, कान तपासणारा, थेरपीवाले एका जागी असाव म्हणून काढलं. सिव्हिलले विचारा. सारे जागेवर असतीनच असं मी म्हणत नाई, जागा रिकाम्या राह्यते, पण चिठ्ठी असली का पुढं सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात का नागपूरले, हे तेच लिहून देते. अन् 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचेबी पैसे नाई. मेडिकल कॉलेजात लागते, थे वेगळं.

आणखी एक. सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येते त्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली का तिची? आपल्या विदर्भात हे पाह्यलंच पाह्यजे. सिकलचं लेकरू हाता-पायाले सूज येऊन, हाडं दुखून रडते, हात लावू देत नाई, अन् घरचे म्हणते हट्टी हाय. तुमच्या पोरीचं तसं नसनही, पण एका थेंबाचं काम हाय, प्राथमिक आरोग्य केंद्रातच होते. जंताची गोळी दिली का थेबी पाहा, अन् रक्तवाढीचं, म्हणजे लोहाचं औषध, थे हप्त्यातून दोनदा एक-एक मिली असते, आशाताईजवळ मिळन.

वयिनीले सांगा, अंगणवाडीत पाठवत जा. पहिले अर्धा घंटा. मी माह्या अंगणवाडीत असं एक पोरगं हळूहळू बसवलं. प्रार्थनेच्या वेळेस त्याले बाहेर ओट्यावर बसवत होतो, प्रार्थना झाली का आत घेत होतो.

---

शेतकरी_हिंगणघाट

माझा पुतण्या लहानपणी असाच होता. फटाके फुटले की कणगीमागे दडायचा, भाजी खात नव्हता. आज ट्रॅक्टर चालवते. एवढं डॉक्टर-डॉक्टर करून पोरीला लहानपणीच शिक्का लागेल, पुढे लग्नाच्या वेळी लोक तेच काढतील. थोडं थांबून पाहा असं माझं मत.

---

आई_यवतमाळ

हिंगणघाटच्या दादांना राग येऊ नये, पण हे ‘थांबून पाहा’ आम्हीही ऐकलं, आणि त्यात माझ्या मुलाचं तिसरं-चौथं वर्ष गेलं. त्या वयात मेंदू जेवढं पटकन शिकतो तेवढं पुढे नाही शिकत. शिक्का तर गावाने आधीच लावलेला असतो. माझ्या मुलाला ‘येडं’ म्हणायचे. त्यापेक्षा डॉक्टरांनी लिहिलेला ‘ऑटिझम’ मला हजार पटीने परवडला, कारण त्याच्यावर उपाय लिहिलेले होते.

दळणवाला दादा, माझ्या मुलाचं निदान पाच वर्षांचा असताना झालं. आता तो दुसरीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोन-तीन गोष्टी सांगते ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या.

व्हिडिओ काढा. दवाखान्यात मूल एकतर दगडासारखं बसतं किंवा आकाशपाताळ एक करतं, घरचं मूल डॉक्टरांना दिसतच नाही. मोटर सुरू होतानाचा, जेवतानाचा, वेणी घालतानाचा, आणि मुख्य म्हणजे ती आनंदात खेळत असतानाचा व्हिडिओ घ्या. सगळे त्रासाचेच व्हिडिओ नेतात, मग डॉक्टरांना अर्धंच मूल दिसतं. रडण्याचा प्रसंग झाला की वहीत लिहा: आधी काय झालं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं.

कानाची ‘बेरा’ नावाची तपासणी सांगतील. ती मूल झोपलेलं असताना होते. डोक्याला तारा चिकटवतात, तुमच्या लेकीला ते जागेपणी चालणारच नाही. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, आणि गाडीत बिलकुल झोपू देऊ नका. माझा मुलगा एसटीत झोपला आणि तिथे जाऊन टक्क जागा राहिला, आम्हाला पुन्हा जावं लागलं. झोपेचं औषध देतात, तरी.

निदान ऑटिझमचं आलं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात ते बसतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, निघतं. 40 टक्के किंवा त्यापुढे लिहिलं असेल तर सवलती लागू होतात. ‘निरामय’ ही राष्ट्रीय न्यासाची विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही येतो. पण नुसतं ‘सेन्सरी प्रोसेसिंग’ असं लिहून आलं तर यातलं काही मिळत नाही, कारण त्या 21 मध्ये ते नाही. म्हणून निदान नीट होणं पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं. सवलतीसाठी कोणी खोटं निदान घ्यावं असं मी अजिबात म्हणत नाही.

शाळेसाठी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जा. समग्र शिक्षामधले विशेष शिक्षक तिथे असतात, ते शाळेत येऊन बाईंना समजावून सांगतात. माझ्या मुलाच्या बाईंनी घंटा वाजायच्या आधी त्याला खुणेने सांगायला सुरुवात केली, एवढ्यानेच त्याचं रडणं निम्मं झालं.

आणि कोणी स्टेम सेलचं इंजेक्शन सांगितलं तर उठून या. आम्हाला लाखांचा आकडा सांगितला होता, नवरा शेत गहाण ठेवायला निघाला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी हा उपचार करू नये.

तुमच्या बायकोशी बोलायला मी तयार आहे. इथे निरोप टाका.

---

दळणवाला_वर्धा

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला सगळं वाचून दाखवलं. यवतमाळच्या ताईंचा निरोप तिने दोनदा वाचायला लावला. ताई, ती तुमच्याशी बोलणार आहे.

ओटी मॅडमच्या प्रश्नांची उत्तरं देतो. बोट दाखवते. बैलबंडी गेली की ‘बाबा बैल, बाबा बैल’ म्हणून माझी मान वळवते. हाक मारली तर वळते, पण पोत्यांत बसली असेल तर नाही. आलेलं बोलणं कधी गेलं नाही. लहान मूल रडलं की स्वतः कान दाबून पळते, मग थोड्या वेळाने येऊन आपला फुटाण्याचा डबा त्याच्यासमोर ठेवते.

खोटं खोटं खेळण्याचं विचारलं, ते सांगायलाच पाहिजे. ती चक्की चक्की खेळते. पावडरचा रिकामा डबा उलटा ठेवते, त्यावर नरसाळं. वरून माती टाकते, बाजूला हाताने टपटप ठोकते, मी नळीला ठोकतो तसं. मग खालची माती चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळून पाहते, जाड आली की बारीक. मग बाहुलीला विचारते, ‘जाडं पाहिजे का बारीक?’ आणि पिशवीत भरून देते, पैसे घेते. हे सगळं करताना तोंडाने मोटरचा आवाज मात्र काढत नाही. मी नेहमी पाहतो हे, पण याचा तपासणीत काही उपयोग असेल असं वाटलं नव्हतं.

मोटरच्या आधी सांगायला लागलो आहे. ‘सुरू करतो गं’ म्हटलं की मागच्या खोलीत जाऊन कान दाबते. रडणं कमी आहे. लाइन अचानक येते आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं असते तेव्हा मात्र गडबड होते. खाट हलवली. पोत्यांची थप्पी आता कुलपात.

हिंगणघाटच्या दादांना एवढंच सांगतो, तुमचा पुतण्या निघाला चांगला, देवाची कृपा. पण त्याच्यासारखीच आमची आहे हे तुम्हाला आणि मला कसं कळणार? तेवढ्यासाठीच तपासायचं आहे.

आता विचारायचं असं की सेवाग्राम जवळ करावं की नागपूर?

---

ओटी_नागपूर

दादा, चक्कीच्या खेळाचा व्हिडिओ नक्की घ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे न बोलता. कल्पनेचा खेळ, त्यात क्रम, त्यात दुसऱ्याला काय हवं ते विचारणं, हे सगळं एका खेळात आहे. रडणाऱ्या मुलासमोर डबा ठेवणंही सांगा. यावरून ऑटिझम नाही असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. मुलींमध्ये तो पुष्कळदा वेगळ्या रूपात दिसतो आणि उशिरा लक्षात येतो. पण जो डॉक्टर हा व्हिडिओ पूर्ण पाहील आणि मग प्रश्न विचारील, त्याच्याकडे तपासणी होईल असं समजा.

आधी सेवाग्राम. तुम्हाला जवळ आहे, आणि बालरोग, कान-नाक-घसा, मनोविकार हे विभाग एकाच आवारात आहेत, म्हणजे कान, डोळे, रक्त हे तिथेच उरकेल. ते कागद हातात आले की गरज पडली तर नागपूर. जाम चौरस्त्यावरून येताना मिहानमधलं एम्स तुम्हाला शहराच्या अलीकडेच लागेल. थेरपीसाठी नागपूरच्या मेडिकलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे, तिथे हे शिक्षणच दिलं जातं. रोज येणं तुम्हाला जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. घरी काय करायचं ते शिकून घ्या, अधूनमधून दाखवायला या. ‘रोज आलात तरच फरक पडेल’ असं कोणी म्हटलं तर कारण विचारा.

अहवाल आल्यावर इथे टाकायचा असेल तर नाव-पत्ता झाकून टाका.

---

दळणवाला_वर्धा

ठीक आहे मॅडम, सेवाग्रामच ठरवतो. अंगणवाडीच्या बाईंना भेटलो, नाव पुन्हा टाकलं, त्या स्वतः ग्रामीण रुग्णालयात सोबत येतो म्हणाल्या. सिकलसेलची तपासणी आमच्या दोघांचीही झाली नव्हती, तिघांचीही एकदमच करून घेतो.

सध्या सोयाबीन निघून राहिलं, हडंबा गावात रोज कुठे ना कुठे चालू आहे. ते आटोपलं की जाऊ असं आधी म्हणत होतो, पण बायको म्हणते, शेतातलं भाऊ पाहील, आपण हप्त्याच्या आतच जाऊ. तिचंच बरोबर आहे.

बेरासाठी त्याच दिवशी नंबर लागते का आधी तारीख घ्यावी लागते? आणि पोरीला गर्दीत उभं ठेवावं लागू नये म्हणून एकाने रांगेत राहून दुसऱ्याने तिला बाहेर झाडाखाली बसवलं, तर चालते का? सेवाग्रामला लहान लेकरू घेऊन अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा.